मार्लिन ३९ए परत आणणं इतकं अवघड का आहे

मार्लिन ३९ए ह्या जुन्या अमेरिकन रायफलीच्या उजव्या बाजूला एक मोठा गोल स्क्रू असतो, बोटांना पकड मिळावी म्हणून त्याच्या डोक्याच्या कडेला बारीक दाते पाडलेले, आणि मधे एक खाच. घट्ट बसला असेल तर खिशातलं नाणं त्या खाचेत घालून जरासं फिरवायचं, पुढचं मग बोटांनीच होतं. घोडा मागे ओढून ठेवायचा, दस्त्याला तळहाताने हलकी थाप द्यायची, की अख्खी रायफल मधोमध दोन भागात सुटून हातात येते, एका हातात नळीकडचा भाग आणि दुसऱ्या हातात लाकडी दस्ता, त्याच्यासोबत घोडा, चाप आणि लिव्हर. मी ते दोन भाग परत एकत्र बसवले आणि सवयीने सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, कारण आमच्या धंद्यात दोन पार्ट नीट बसलेत का हे गेज लावायच्या आधी नखच सांगतं. नख कुठेच अडकलं नाही. रायफल १९५५ च्या आसपासची, म्हणजे सत्तर वर्षांची.

ही रायफल आमच्या शॉपमधून रिटायर झालेल्या एका टूलमेकर काकांची, त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी घेऊन दिलेली. मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर उभा राहून शिकलो आणि गेली बरीच वर्षं इकडे अमेरिकेत कनेटिकटमधे मशीन शॉपमधे आहे. बंदुकीचा मला तसा शौक नाही, पण चांगलं मशीनिंग दिसलं की माझे पाय तिथेच थांबतात. आणि ही बनवायची कंपनी ह्याच राज्यातली, न्यू हेवन आणि नंतर नॉर्थ हेवनची, त्यामुळे इथल्या जुन्या कारागिरांकडे हिचा विषय निघाला की तासभर संपत नाही. ते सगळे एकाच गोष्टीची वाट बघतायत, मार्लिन ३९ए परत कधी बनायला लागेल.

कोल्हापूरला माझा भाचा नेमबाजीच्या रेंजवर जातो, त्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, मामा ही तर साधी पॉइंट बावीसच ना, मग एवढं काय त्यात, आजकालच्या सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या जमान्यात कंपनीने ठरवलं तर सहा महिन्यात काढतील की. त्याला फोनवर सांगायला गेलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून हे लिहितोय.

आधी पॉइंट बावीस म्हणजे काय ते बघू, कारण आपल्या लोकांना हे काडतूस वाटतं त्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधे ब्राँझ आणलं, किंवा आपली तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमधे ५० मीटर प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन झाली, ते सगळं ह्याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. त्यांच्या रायफली अर्थातच वेगळ्या, एकेक गोळी हाताने भरायच्या, पूर्णपणे स्पर्धेसाठी बनवलेल्या, पण काडतूस तेच. अख्खं काडतूस साधारण १ इंच लांब, गोळी साधारण अडीच ग्रॅमची, धक्का जवळजवळ नाहीच, आवाजही मोठ्या बंदुकीच्या मानाने कमी. हे काडतूस १८८७ सालचं आहे आणि आजही जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्यांपैकी आहे.

ह्याला रिमफायर म्हणतात. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक छोटी टिकली बसवलेली असते, तिच्यावर टोचा पडला की ती पेटते आणि मग दारू पेटते, ते सेंटरफायर. रिमफायरमधे वेगळी टिकली नसतेच. पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते ती आतून पोकळ असते आणि पेट घेणारं मिश्रण त्या पोकळीतच भरलेलं असतं, भरताना पुंगळी गरागरा फिरवतात म्हणजे ते मिश्रण कडेकडेला जाऊन बसतं, अगदी ताक घुसळताना कडेला चढतं तसं. टोचा कडेवर आपटतो, कड चेपते, पेट होतो. म्हणून पुंगळी परत भरून वापरता येत नाही, पण बनवायला ती स्वस्त पडते, आणि स्वस्त पडते म्हणून लोक शिकायला, सरावाला, खारी आणि सशांच्या शिकारीला हीच वापरतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागात बहुतेकांच्या हातात आलेली पहिली रायफल पॉइंट बावीसच असते, आपल्याकडे गावाकडच्या पोराची पहिली सायकल कशी आयुष्यभर लक्षात राहते तसं त्यांचं ह्या बाबतीत असतं, रंग, वजन, कुठे ओरखडा होता सगळं आठवत असतं.

आता लिव्हर अ‍ॅक्शन. चापाभोवती जी लोखंडी कडी असते ती मागे वाढवून तिचा हात केलेला असतो, त्यात बोटं घालायची, खाली आणि पुढे ढकलायची, परत मागे आणायची. एवढ्या एका हालचालीत आत काय काय होतं ते बघा. खाली ढकलताना बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता पार्ट, मागे जातो, जाताना रिकामी पुंगळी ओढून बाजूला फेकतो, अजून मागे जाऊन घोडा ताणून ठेवतो, तेवढ्यात नळीखालच्या लांब मॅगझिनमधून एक नवं काडतूस एका छोट्या पाळण्यासारख्या पार्टवर येऊन बसतं. तो पाळणा वर उचलला जातो, लिव्हर परत आणताना बोल्ट पुढे येऊन ते काडतूस नळीत ढकलतो, आणि मागून अडकून पक्का बसतो. ना बॅटरी ना गॅस, सगळं तुमच्या हाताच्या जोरावर, आणि हे सगळे पार्ट एकमेकांना वेळ देत, एकाने दुसऱ्याच्या वाटेत न येता हलले पाहिजेत. घड्याळजीचं काम आहे, फक्त घड्याळापेक्षा मोठ्या पार्टवर.

मॅगझिनबद्दल एक सांगून ठेवतो कारण हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. नळीसारख्या मॅगझिनमधे काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, म्हणजे मागच्याच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. सेंटरफायरमधे बुडाच्या मधोमध टिकली असते म्हणून तिथे टोकदार गोळी चालत नाही, बोथट नाकाची लागते. रिमफायरमधे पेट घेणारी जागा कडेला असते आणि टोक टेकतं मधे, त्यामुळे ती काळजीच नाही. म्हणजे रिमफायर आणि ही नळीची मॅगझिन एकमेकांना पहिल्यापासून शोभून दिसतात, आणि इतिहासही तेच सांगतो, १८६० ची ती प्रसिद्ध हेन्री रायफल, जिच्यामुळे लिव्हर अ‍ॅक्शनचं नाव झालं, ती .४४ ची रिमफायरच होती.

मार्लिन कंपनी जॉन मार्लिन नावाच्या माणसाने १८७० ला न्यू हेवनला काढली. १८९१ मधे एल. एल. हेपबर्न ह्यांच्या डिझाइनवरून त्यांनी .२२ ची लिव्हर अ‍ॅक्शन आणली, त्या काळात घोड्यावरून आणि तंबूतल्या खेळात नेमबाजी करून दाखवणाऱ्या अ‍ॅनी ओकलीबाई मार्लिनची .२२ वापरायच्या. १८९७ च्या मॉडेलमधे दोन भागात सुटायची सोय आली, तोच तो स्क्रू. मग १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉडेल ३९, आणि १९३९ ला त्यात सुधारणा करून ३९ए. म्हणजे नाव बदलत गेलं, पार्ट थोडे बदलत गेले, पण १८९१ पासूनचा मूळ सांगाडा तोच राहिला. इतकी वर्षं चालत आलेलं एकच रायफल डिझाइन हा कंपनीचा मोठा अभिमान होता आणि तो रास्त होता असं मला वाटतं.

ती चांगली का होती हे नुसतं लोक म्हणतात म्हणून नाही, हातात घेऊन बघितलं म्हणून सांगतो. रिसीव्हर म्हणजे मधला लोखंडी सांगाडा, तो फोर्ज केलेल्या स्टीलचा, तापवून ठोकून आकार दिलेला आणि मग मिलिंग करून आतून कोरलेला. वरून पूर्ण बंद, पुंगळी उजव्या बाजूने बाहेर पडते, म्हणून वर दुर्बीण बसवायला काही अडचण नाही. शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल अशा तीन वेगवेगळ्या लांबीची काडतुसं त्याच मॅगझिनमधून, काहीही न बदलता चालतात, शॉर्ट २६ बसतात, लाँग २१ आणि लाँग रायफल १९. ह्या एका गोष्टीवर मी बराच वेळ विचार करत बसलो होतो, तीन लांबीचे जॉब, म्हणजे तुकडे, एकाच फीडरमधून न अडकता पाठवायचे, हे आजही कुठल्या ऑटोमेशनवाल्याला सांगितलं तर तो आधी लांबी एकच ठरवा म्हणेल. २४ इंची नळी, वजन साधारण ३ किलो, त्यामुळे हातात स्थिर राहते. १९५० च्या दशकात नळीच्या आतल्या पेचदार खाचांची पद्धत बदलली, थोड्या खोल खाचांच्या ऐवजी १६ उथळ खाचा, त्याला ते मायक्रो ग्रूव्ह म्हणत. गोल्डन मॉडेल आलं त्याचा चाप सोनेरी मुलाम्याचा. दस्त्याच्या खालच्या अंगाला लाकडात बसवलेला काळा पांढरा ठिपका, नेमबाजीच्या टार्गेटसारखा, ती मार्लिनची खूण. आणि नळीवर रिसीव्हरजवळ एका लंबगोलात जे आणि एम ही दोन अक्षरं, जॉन मार्लिन. जुन्या बाजारात लोक आधी ती अक्षरं शोधतात, ती का ते पुढे सांगतो.

आणि सुटी होण्याचा फायदा फक्त बॅगेत मावते एवढाच नाहीये. बहुतेक लिव्हर अ‍ॅक्शन रायफली साफ करायच्या म्हणजे नळीच्या तोंडाकडून सळई घालावी लागते, आणि तोंडाची कड सळईने घासली की नेम बिघडतो. ही दोन भागात केली की बोल्ट उचलून काढायचा आणि नळी मागून, बरोबर बाजूने साफ करायची. काकांच्या रायफलीची नळी आतून आजही आरशासारखी आहे, त्याचं हे कारण.

मग एवढी चांगली होती तर गेली कुठे.

मार्लिन कंपनीवर संकट आधीही आलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर कंपनी बुडाली आणि १९२४ ला लिलावात फ्रँक केना नावाच्या वकिलाने ती १०० डॉलरला घेतली, अर्थात डोक्यावर १ लाख डॉलरचं गहाण होतं ते वेगळं. त्या माणसाने कंपनी तगवायला दाढीची पाती विकली, खरंच, मार्लिन ब्लेड म्हणून ती चांगली चालली. केना कुटुंबाने पुढे ऐंशीहून जास्त वर्षं कंपनी सांभाळली. मग २००७ च्या शेवटी रेमिंग्टन ह्या दुसऱ्या बंदूक कंपनीने मार्लिन विकत घ्यायचं ठरवलं, २००८ च्या सुरुवातीला व्यवहार पूर्ण झाला, तेव्हा रेमिंग्टन स्वतःच एका मोठ्या गुंतवणूकदार फंडाच्या ताब्यात होती. २०१० ला जाहीर झालं की नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करून काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला आणि केंटकीला हलवायचं. अडीचशेहून जास्त कामगार घरी गेले.

इथे मला जरा थांबायचंय, कारण माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

मशीन ट्रकवर चढतं. ड्रॉइंग फाइलमधे जातं. पण कित्येक वर्षं त्या मशीनवर उभा असलेला माणूस बदलीच्या गावाला जात नाही, त्याचं घर इथे, बायकोची नोकरी इथे, आणि ऑफर तरी कुठे असते. आणि जुनी मशिनं कशी असतात हे ज्याने लेथ चालवलाय त्याला वेगळं सांगायला नको, बेडला झीज आलेली असते, स्लाइडमधे खेळ असतो, ऑपरेटरला माहीत असतं की ह्या मशीनवर ड्रॉइंगमधे दिलंय त्यापेक्षा दोन दशांश इकडे धरायचं म्हणजे जॉब बरोबर येतो. ते कुठे लिहिलेलं नसतं. उद्यमनगरात आमचे एक मिस्त्री होते, ते चकमधे, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब लावला की हाताने फिरवून नुसता आवाज ऐकून सांगायचे रन आउट किती आहे, म्हणजे फिरताना जॉब मध्यापासून किती हलतोय ते, ते रिटायर झाल्यावर दोन महिने आमचा रिजेक्शनचा ढीग कमी होत नव्हता, मशीन तेच, प्रोग्राम तेच, मटेरियल तेच. मार्लिनचं हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. ड्रॉइंग जुनी, प्रत्यक्ष बनणाऱ्या पार्टशी पूर्ण जुळत नसलेली, झिजलेली मशिनं, आणि फिटर गेलेले. इलियनहून आलेल्या सुरुवातीच्या मार्लिन रायफलींबद्दल भरपूर तक्रारी आल्या, लाकूड आणि लोखंड ह्यांच्यामधे फट, नेम धरायची साइट वाकडी बसवलेली, आत पार्ट अडकणं. पुढे पुढे त्यांनी बरीच सुधारणा केली हेही खरं, पण नाव जायचं ते गेलं होतं, आणि म्हणून लोक नळीवर जे एम शोधायला लागले, कारण ती अक्षरं म्हणजे जुन्या कारखान्यातली नळी.

३९ए चं तर अजूनच अवघड झालं. मोठ्या कॅलिबरच्या रायफली कशाबशा चालू राहिल्या, पण ३९ए नेहमीच्या कॅटलॉगमधून गेली, फक्त कस्टम शॉपमधून ऑर्डर देऊन, तीही महाग, आणि मग तीसुद्धा नाही. रेमिंग्टन २०१८ ला दिवाळखोरीत गेली, बाहेर आली, २०२० ला परत गेली. तेव्हा कंपनीचे तुकडे करून लिलाव झाला आणि मार्लिन रुगर ह्या बंदूक कंपनीने २०२० च्या सप्टेंबरमधे जिंकली, साधारण २ कोटी ८३ लाख डॉलरला. रुगर १९४९ ची, तीही कनेटिकटचीच, त्यामुळे इकडच्या म्हाताऱ्या लोकांना वाटलं चला मुलगी माहेरच्या गावात आली. कारखाना मात्र त्यांनी नॉर्थ कॅरोलिनात मेयोडनला उभा केला.

रुगरने पुढे काय केलं त्यावरूनच सगळ्यांची आशा वाढली. त्यांनी जुनी मशिनं जशीच्या तशी चालू केली नाहीत. पार्ट मोजले, ड्रॉइंग नव्याने केली, नवीन सीएनसीवर बसवली, नळ्या स्वतःच्या पद्धतीने थंड लोखंडावर हातोडे मारून घडवल्या, आणि रिसीव्हर फोर्जिंगमधूनच घेतले. पहिली १८९५ मॉडेलची रायफल २०२१ च्या डिसेंबरमधे आली, २०२३ मधे ३३६ आली, त्याच वर्षी १८९४ नावाचं मॉडेल. आणि लोकांनी त्या हातात घेऊन सांगितलं की ह्या चांगल्या आहेत, काही जण तर म्हणाले जुन्या जे एम पेक्षा चांगल्या. म्हणजे मी वर जे म्हणालो की हातातलं ज्ञान जातं, त्याला रुगरने एक उत्तर शोधलं, ते ज्ञान परत मोजून, मापात बसवून मशीनच्या प्रोग्राममधे घालायचं. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, पण होतं. प्रत्येक वर्षी नवीन मॉडेल जाहीर झालं की सगळे विचारतात, आणि ३९?

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. ३९ मागे का राहते.

एक तर ती भावंडांमधे एकटी आहे. ३३६ आणि आजची १८९५ ह्या दोघी बहिणी आहेत, आतली रचना जवळपास तीच, एकीचं फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पार्ट पकडायची जोडणी, आणि प्रोग्राम तयार झाला की दुसरीचं अर्धं काम झालेलं असतं. ३९ ची रचना त्यांच्याहून पार वेगळी, दोन भागात सुटणारी, तिचा बोल्ट वेगळा, पाळणा वेगळा. म्हणजे सगळी टूलिंग शून्यापासून, आणि तो खर्च फक्त तिच्याच विक्रीतून काढायचा.

दुसरं म्हणजे तो सांधा, जिथे माझं नख फिरलं. दोन भाग वेगवेगळे मिलिंग होणार, वेगवेगळे हीट ट्रीटमेंटला जाणार, तिथे थोडे तरी वाकणार किंवा हलणार, आणि शेवटी एका स्क्रूवर असे बसले पाहिजेत की ना फट ना खेळ, तेही पन्नास वर्षं उघडझाप करून. जुन्या काळात फिटर कानस घेऊन बसायचा आणि एकेक जोडी जमवायचा. आज ते कानशीविना करायचं तर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, इतका घट्ट धरावा लागतो की मशीनिंगचा वेळ वाढतो, तपासणी वाढते, रिजेक्शन वाढतं. आणि त्यात .२२ च्या कडेची जाडी साधारण १ मिलिमीटर, ती कड नळीच्या बुडाला टेकते आणि मागून बोल्ट येऊन बसतो, तेवढ्या जागेत थोडी जास्त सैल झाली तर टोचा नीट आपटत नाही, थोडी कमी झाली तर बोल्ट बंद होत नाही. गोळी मऊ शिशाची, पाळण्यावरून वर जाताना कुठे धार राहिली असेल तर नाकच खरवडलं जातं. लहान काडतूस म्हणजे सोपं काम असं वाटतं, प्रत्यक्षात पार्ट लहान झाला की चूक लपवायला जागाच राहत नाही.

तिसरं, आणि कंपनीच्या हिशेबाच्या वहीत हेच सगळ्यात वर असेल, किंमत. गिऱ्हाइकाच्या डोक्यात पॉइंट बावीस म्हणजे स्वस्त. पण मशीनला कॅलिबर कळत नाही. रिसीव्हरला जितके कट घ्यायचे तितके घ्यायचेच, मोठ्या रायफलीला जितके सेटअप जवळपास तितकेच हिला, लाकूड अक्रोडाचंच, पॉलिश तेवढंच. म्हणजे बनवायचा खर्च मोठ्या रायफलीच्या जवळ जातो आणि लोक किंमत द्यायला तयार असतात छोट्या रायफलीची. ह्या दरीत विंचेस्टरची ९४२२ पण गेली, १९७२ ला आलेली फार देखणी रायफल, २००५ ला बंद झाली. रुगरच्याच घरात १९६४ पासूनची १०/२२ आहे, दर वेळी आपोआप भरणारी, साधी, स्वस्त, प्रचंड खपणारी. त्यांनी स्वतः १९९६ ला एक लिव्हरची .२२ काढली होती, ९६/२२ नावाची, काही वर्षांनी ती बंद केली. तो अनुभव त्यांच्या लक्षात असणारच.

आणि चौथं, हेन्री. १८६० च्या हेन्रीशी ह्यांचा नावापुरता संबंध, ही कंपनी १९९६ ला ब्रुकलिनमधे सुरू झाली आणि पहिलीच रायफल काढली ती लिव्हरची .२२. तिचं वरचं कव्हर जस्ताच्या मिश्रधातूचं, डायकास्ट केलेलं, म्हणजे साच्यात दाबाने ओतलेलं, चाकण भोसरीच्या बाजूला कुणाही पार्टवाल्याला विचारा, डायकास्टिंगने पार्ट किती झटपट आणि स्वस्त पडतो. .२२ चा दाब मोठ्या काडतुसांच्या मानाने कमी असतो, त्यामुळे नीट डिझाइन केलं तर ते सुरक्षित चालतं, आणि हेन्री गुळगुळीत चालते, लाखो लोकांनी आनंदाने घेतली, मला तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाहीये, उलट लिव्हरची .२२ नवीन पिढीच्या हातात जिवंत ठेवली ती त्यांनीच. ब्राउनिंगची बीएल २२ पण आहे, जपानमधे मिरोकूकडे बनते, स्टीलची, नेटकी. पण ह्यामुळे झालंय असं की ज्याला फक्त लिव्हरची .२२ हवी त्याची सोय झालेली आहे, आणि ३९ची वाट बघणारा उरतो तो फक्त ३९च हवी असलेला माणूस. असे लोक किती आणि ते किती पैसे देतील, ह्याच्यावर सगळं अडलंय.

मला विचाराल तर माझं म्हणणं स्पष्ट आहे. यावी, आणि पूर्ण किमतीने यावी. स्वस्त करायच्या नादात रिसीव्हर ओतीव करू नये. रुगर कास्टिंगमधे फार हुशार आहे हे मान्य, मेणाचा नमुना करून त्याभोवती साचा बांधायचा, मेण वितळवून काढायचं आणि तिथे स्टील ओतायचं, आपल्याकडे पितळी मूर्ती ओतायची जुनी पद्धत तीच, आणि त्यांच्या कित्येक बंदुकी अशा ओतलेल्या आहेत आणि मजबूत आहेत. .२२ ला तर ताकदीचा प्रश्नच नाही. पण ज्या माणसाने इतकी वर्षं ३९ ची वाट बघितली तो ताकद मोजत नाहीये, तो ते लिव्हर खाली गेल्यावर होणारा आवाज, ती दोन स्टीलच्या तुकड्यांची बसणी शोधतोय, आणि त्याच्यासाठी त्यांनी १८९५ आणि ३३६ ला फोर्जिंग ठेवलं तसं इथेही ठेवावं. स्क्रू राहिलाच पाहिजे, तो काढला तर ती ३९ नाहीच. १९८८ पासून रिसीव्हरमधून आडवं जाणारं सेफ्टीचं बटण आलं होतं, खूप जुन्या लोकांना ते आवडत नाही, पण लहान मुलांच्या हातात द्यायच्या रायफलीला एक सेफ्टी जास्त असली तर मला त्यात काही वावगं वाटत नाही, ह्यावर काकांचं आणि माझं जमत नाही.

अमेरिकेत बंदुकीमुळे किती घरं उद्ध्वस्त होतात हे मी इथे राहून बघतोय आणि त्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते वेगळं आणि जड आहे. पण १८९१ पासून सव्वाशे वर्षं हात बदलत आलेलं एक यंत्र, खारी मारायला, डब्यांवर नेम धरायला, बापाने पोराला शांतपणे श्वास सोडून चाप दाबायला शिकवायला वापरलेलं, ते बनवायची कला अशी एका ट्रकच्या फेरीत संपावी ह्याचं मला वाईट वाटतं, तेवढंच वाईट आमच्या उद्यमनगरात एखाद्या चांगल्या पॅटर्नमेकरचं दुकान बंद झाल्यावर वाटतं.

काकांची नात आता दहा वर्षांची होईल. त्यांच्या मनात होतं की तिला नवीन ३९ए घ्यायची, आपल्या वडिलांनी घेतली तशी, दुकानातून, कोऱ्या खोक्यात, म्हणजे दोघांकडे एकेक होईल आणि उन्हाळ्यात दोघं मिळून टिनच्या डब्यांवर नेम धरतील. जुनी बघायला गेलं तर जे एम वाल्या चांगल्या ३९ए चे भाव दर वर्षी वर जातायत आणि आतले बारीक पार्ट मिळणं कठीण झालंय, एकदा तर त्यांना एका छोट्या स्प्रिंगसाठी तीन राज्यांत फोन करावे लागले, शेवटी ती मीच बनवून दिली, पियानो वायरची, तिसऱ्या प्रयत्नात जमली.

त्यांनी मला सांगून ठेवलंय की नवी आली की दुकानात माझ्याबरोबर तू चल. मी जाणार आहे. ती काउंटरवर ठेवली की मी आधी लाकूड बघणार नाही, चाप सोनेरी आहे का तेही नाही. दुकानदाराला विचारून तो स्क्रू सोडवणार, दोन भाग वेगळे करणार, परत जुळवणार आणि सांध्यावरून नख फिरवणार. काकांनी त्यासाठी त्यांचं ते झिजलेलं नाणं कपाटातल्या डबीत वेगळं काढून ठेवलंय.